दुरुस्तीला गेलेला पाय

मी घर सोडलं त्या सकाळी ऊर्जानगरच्या आमच्या क्वार्टरसमोर पहिल्या पाळीची बस मुद्दाम दोन मिनिटं जास्त थांबली होती. बाबांचे सोबती खिडक्यांतून हात हलवत होते. बाबा वीज केंद्रात कोळशाच्या पट्ट्यांच्या दुरुस्तीवर होते, निवृत्तीला दोन वर्षं बाकी होती. त्यांनी सुट्टी टाकून नागपूरच्या विमानतळापर्यंत गाडी केली होती. आई रस्ताभर एकच वाक्य परत परत सांगत होती, "पडली तं उठजो. लोकं पाह्यते तं पाहू दे." मला परदेशी धाडताना तिच्यापाशी तेवढाच सल्ला होता, आणि खरं सांगू का, तेवढाच कामाला आला.

विमानतळावरच्या तपासणीत माझा डावा पाय वाजला. वाजणारच. मांडीपासून टाचेपर्यंत दोन पोलादी पट्ट्या, गुडघ्याशी लॉक, चामड्याचे तीन पट्टे आणि खाली बूट. पोलिओ झाला तेव्हा मी तीन वर्षांची होते, तेव्हापासून माझा पाय म्हणजे हाच. आम्ही त्याला कॅलिपर म्हणतो. तिथल्या बाईनं पडद्याआड नेऊन हात फिरवून पाहिलं आणि जा म्हणाली. तो पाय घालून मी दोन देशांच्या सीमा ओलांडल्या, पण कुणी किंमत विचारली नाही, बिल मागितलं नाही, परवाना मागितला नाही. हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण काही वर्षांनी तोच पाय खोक्यात घालून उलटा पाठवला, तर दोन्हीकडच्या साहेबांना तो व्यापाराचा माल वाटला.

आधी तो पाय कुणी केला ते सांगते. बल्लारपूरला स्टेशनमागच्या गल्लीत हमीदचाचांचं दुकान आहे. बाहेर 'सर्जिकल बूट' अशी पाटी, आत चामड्याचा वास, आणि वारा फिरला की त्यात पेपरमिलचा वास मिसळलेला. दर वर्षी शाळा उघडायच्या आधी बाबा मला पॅसेंजरनं तिकडे न्यायचे, कारण वर्षभरात पाय वाढलेला असायचा आणि कॅलिपर तोकडा पडलेला. चाचा मला खाकी कागदावर निजवून पेन्सिलनं पायाभोवती रेघ ओढायचे, कोपऱ्यात माझं नाव लिहायचे आणि कागद गुंडाळून फळीवर ठेवायचे. त्या फळीवर जिवतीपासून सिरोंच्यापर्यंतच्या पोरांचे पाय होते.

मग बाबा खिशात हात घालायचे आणि दर वर्षी तेच बोलणं व्हायचं. "हमीदभाऊ, यंदा तं घ्या." "मेश्रामभाऊ, जुत्याचे घेतो मी. लेकराच्या पायाचे नाई घेत. दुआ द्या अन् गाडी पकडा." मी कॉलेजात गेले, नोकरीला लागले, तरी त्यांच्या हिशेबी लेकरूच राहिले. बाबांनाही फुकटचं पचत नसे. एका रविवारी त्यांनी जाऊन चाचांच्या दुकानाची सगळी वायरिंग नव्यानं करून दिली आणि पैशाचं नाव काढू दिलं नाही. असा त्यांचा व्यवहार. याला कुठल्या देशाच्या कायद्यात काय म्हणतात ते मला अजून कळलेलं नाही.

आता मी लीड्सला राहते. शहरातल्या बसगाड्यांची वेळापत्रकं बसवणाऱ्या ऑफिसात काम करते. माझा नवरा मिलिंद आरमोरीचा, तोही इथंच नोकरीला. आमची मुलगी मेत्ता दहा महिन्यांची होती आणि मी अर्ध्या पगाराच्या मॅटर्निटी लीव्हवर होते, तेव्हा तळघराच्या जिन्यावर धुण्याची बास्केट घेऊन उतरताना गुडघ्याचा लॉक तुटला. चार पायऱ्या घसरले. लेकरू कडेवर नव्हतं एवढं नशीब.

इथल्या दवाखान्यात दाखवलं. तिथला तंत्रज्ञ भला माणूस. कॅलिपर हातात फिरवत राहिला, शिवणीवरून बोट फिरवलं, असं काम आता कुणी करत नाही म्हणाला. आणि मग म्हणाला, दुसऱ्यानं केलेल्या वस्तूला आम्हाला हात लावता येत नाही, नियम आहे. नवा करायचा तर मापाची तारीख पाच महिन्यांनी. मागं एकदा त्यांनी करून दिलेला हलका, काळा, प्लास्टिकसारखा एक कॅलिपर माझ्याकडे होता. तो घातला की दुपारपर्यंत मांडीची सालटी निघायची. माझं हाड वाढलं तेच चाचांच्या पट्ट्यांच्या धाकात, त्याला दुसऱ्याचा हात मानवत नाही.

राहिल्या कुबड्या. कुबड्यांवर चालता येतं, पण हात एकही मोकळा राहत नाही. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते: मी स्वयंपाकघरातून चहाचा कप बाहेर नेऊ शकत नव्हते. आणि मेत्ता जमिनीवर बसून माझ्याकडे दोन्ही हात वर करायची, तेव्हा मी तिला उचलू शकत नव्हते. मी खाली बसायची, ती मांडीवर यायची, पण तिला हवं असायचं कडेवर बसून खिडकीपाशी जाणं. ती रडायची. मग घरूनच काम करणारा मिलिंद ऑफिसची मीटिंग सोडून यायचा आणि तिला उचलायचा.

तेव्हा मी शहाणीनं ठरवलं की कॅलिपर चाचांकडे पाठवायचा. सात दिवस जायला, एक दिवस चाचांना, सात दिवस यायला. पंधरा दिवस काय, कसेही निघतील.

कुरिअरच्या फॉर्मवर मी बाबांचा पत्ता घातला आणि स्वच्छ लिहिलं की ही पोलिओच्या पायाची वापरलेली वस्तू आहे, दुरुस्त होऊन परत येणार आहे. किमतीच्या रकान्यात शून्य टाकलं तर कॉम्प्युटर पुढंच जाईना. म्हणून शंभर पौंड लिहिले, उगाच. तोच आकडा पुढं आमच्या गळ्यात पडला.

खोकं चार दिवसांत मुंबईला पोचलं आणि तिथं कस्टममध्येच बसलं. बाबांना मेसेज आला, आधार कार्ड पाठवा. पाठवलं. मग पाठवणारीशी नातं काय ते लिहून द्या. दिलं. मग वस्तूचं मूळ बिल. जे बिल जन्मालाच आलं नाही ते बाबा आणणार कुठून? मग म्हणे, वापरलेला माल बाहेरून आणायचा तर परवाना लागतो, तो जोडा. त्यानंतर कुणा शहाण्यानं खोकं उघडून पाहिलं आणि आमच्या वस्तूला नाव दिलं: लोखंडी भाग असलेलं पादत्राण. झालं, माझ्या त्या शंभर पौंडांवर बुटाचा कर लागला. वर खोकं गोदामात जितके दिवस पडलं त्याचं भाडं वेगळं. त्यांनीच अडवून ठेवायचं आणि त्यांनीच भाडं लावायचं. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात, इथं तर कोंबडीही आमचीच होती.

बाबा रोज कॉल सेंटरला फोन लावायचे. आई सांगते, ते उभं राहून बोलायचे, साहेबाशी बोलतात तसे. "बाई, तो माह्या पोरीचा पाय हाय. माल नाई. तिचं लेकरू ल्हान हाय, तिले उचलता येऊन नाई राह्यलं." पलीकडून दर वेळी नवा आवाज यायचा आणि म्हणायचा, सर, डॉक्युमेंट अपलोड करा. त्या पोरींवर माझा राग नाही, त्यांना जे वाचायला दिलं ते त्या वाचतात. राग आहे तो ज्यानं हे लिहून दिलं त्याच्यावर. आयुष्यात एक दिवस त्याला तुटका पाय खोक्यात घालून पाठवावा लागो, एवढंच म्हणते.

एका संध्याकाळी बाबा मला फोनवर म्हणाले, "आमच्या गेटवरून मोटर दुरुस्तीले बाहेर जाते तवा परतीचा गेटपास बनते. काय गेलं, कायले गेलं, कवा येते, सारं लिहिलं राह्यते. दुरुस्त होऊन आली का पास जमा, गोष्ट खतम. दोन दोन सरकाराइले मिळून एक गेटपास बनवता येत नाई का?" पस्तीस वर्षं त्या माणसानं मोटारी बाहेर धाडल्या आणि आत घेतल्या. आपल्याकडून गेलेली वस्तू आपल्याकडेच परत आली तर तिच्यावर कर कसा लागतो, हे त्याच्या डोक्यात शिरत नव्हतं. माझ्याही नाही.

शेवटी तेविसाव्या दिवशी खोकं सुटलं. बाबांनी मला न सांगता सगळे पैसे भरून टाकले होते. ते मला महिन्यानं आईच्या तोंडून कळलं. खोकं हातात येताच ते बल्लारपूरला गेले. चाचांनी लॉक बदलला, दोन पट्टे नवे घातले, टाचेचं झिजलेलं चामडं काढलं. जेवणाआधी काम सुरू केलं आणि चहाच्या वेळेला संपवलं. जगातल्या सगळ्या घोळात खऱ्या कामाला लागले ते एवढे तास.

आणि इथं आमच्या माणसांनी त्यांच्या पद्धतीनं घोटाळा केला. कुरिअरच्या एजंटनं सांगितलं होतं की परत पाठवताना दुरुस्तीचं बिल आत ठेवा. बाबांनी चाचांना सांगितलं. चाचांनी दुकानाचा पॅड काढला, नाव लिहिलं, तारीख घातली, 'कॅलिपर मरम्मत' लिहिलं आणि रकमेच्या जागी लिहिलं 'दुआ'. खाली सही केली. जी रक्कम घेतली नाही ती लिहायची कशी, असं दोघांचं म्हणणं. बाबांनी वर स्वतःच्या अक्षरात एक परतीचा गेटपास बनवून जोडला: कॅलिपर, एक नग, दुरुस्तीकरिता आला होता, दुरुस्त होऊन जात आहे. आणि खाली सही, निवृत्त फोरमन. दोघांनी मन लावून, एक अक्षर खोटं न लिहिता कागद केले.

इकडच्या कस्टमच्या साहेबांनी ते कागद एजंटकडून भाषांतर करून घेतले. पत्र आलं: दुरुस्तीवर जो खर्च झाला तेवढ्यावरच कर लागतो, पण तुमच्या बिलात खर्चच नाही. ज्या दुरुस्तीला किंमत नाही ती दुरुस्ती धरता येत नाही. सबब ही वस्तू नवी समजण्यात येत आहे. तुम्ही लिहिलेले शंभर पौंड आम्हाला पटत नाहीत, इथं असा नवा कॅलिपर घ्यायला जी किंमत पडते ती आम्ही धरली आहे. कर, कुरिअरची हाताळणी, गोदामाचं भाडं, सगळं मिळून आमच्या घरभाड्याच्या जवळ जाणारा आकडा होता. अपंगांच्या साहित्याला माफी आहे हे त्यांच्याच वेबसाइटवर लिहिलेलं होतं. विचारलं, तर ती माफी माल निघण्याआधी मागायची असते. म्हणजे पाय मोडायच्या आधी अर्ज करायचा.

मी चिडले आणि भांडायला बसले. आमच्या घरात ही खोड आहे. अन्याय दिसला की अर्ज लिहायचा, बाबासाहेबांनी लिहायला शिकवलंय ते कशासाठी. मी पत्रांवर पत्रं लिहिली. प्रत्येक पत्राला दहा कामाचे दिवस लागतील असं उत्तर यायचं. पहिल्याच दिवशी पैसे भरून टाकले असते तर पाय तेव्हाच मिळाला असता, हे आज मला कळतं. तेव्हा मी बरोबर होते आणि मला ते त्यांच्याकडून वदवून घ्यायचं होतं.

त्या दिवसांतच मेत्ता चालायला लागली. सोफ्याला धरून उभी राहिली, हात सोडला आणि तीन पावलं टाकून मिलिंदकडे गेली. मी खुर्चीत होते, कुबड्या भिंतीला टेकलेल्या. आई होऊन मी एकच गोष्ट मागितली होती, की हिचं बोट धरून हिला मी चालवीन. जिला स्वतःला चालणं दुसऱ्यांदा शिकावं लागलं तिनं एवढं मागितलं तर फार होत नाही. ते एका गोदामात पडून राहिलं आणि त्याचं भाडंही मीच भरत होते.

मग मी जे केलं ते सांगायला जीभ रेटत नाही, पण सांगते. मी बाबांना म्हटलं, चाचांना सांगा, काहीतरी आकडा घालून नवं बिल द्या. बाबा म्हणाले, "मी नाई सांगत. तुले सांगाचं असन तं तूच सांग."

मी चाचांना फोन लावला. सगळं समजावून सांगितलं. कर, नियम, दहा कामाचे दिवस, मेत्ताची पावलं. माझं झाल्यावर त्यांनी विचारलं, "कितीचा लिहू बेटा?"

मी म्हटलं, पाचशे रुपये.

अर्ध्या तासात व्हॉट्सॅपवर फोटो आला. तोच पॅड, तेच नाव, तीच सही, आणि रकमेच्या जागी पाचशे. आकडा दोनदा गिरवलेला होता. मी तो फोटो त्या साहेबांना पाठवला.

उत्तर यायला नेहमीसारखा वेळ लागला नाही, चार दिवसांत आलं. एकाच दुरुस्तीची, एकाच तारखेची, एकमेकांशी न जुळणारी दोन बिलं सादर झाल्यामुळे दोन्ही विश्वासार्ह मानता येत नाहीत. पूर्वीची आकारणी कायम. बघा, खऱ्या कागदाला किंमत नव्हती म्हणून तो चालला नाही, आणि खोट्याला किंमत होती पण खरा आधी आला म्हणून तोही चालला नाही. मी त्याच दिवशी सगळे पैसे भरले. पाय घरी यायला त्यानंतर तीन दिवस लागले. जाऊन येऊन साडेआठ आठवडे झाले होते.

खोकं आलं त्या दुपारी मी पट्टे आवळले, लॉक बसवला, उभी राहिले, आणि मेत्ताकडे दोन्ही हात पसरले. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग वळून मिलिंदकडे गेली आणि त्याच्याकडे हात वर केले. साडेआठ आठवड्यांत तिनं शिकून घेतलं होतं की आई उचलत नाही. मिलिंद म्हणाला, लहान आहे ती, विसरेल. मी न्हाणीघरात जाऊन रडले. कुठल्या साहेबानं काय मोजलं आणि काय नाही हे मी आजवर विसरलेले नाही, आणि विसरायचा विचारही नाही.

पाचव्या दिवशी ती माझ्याकडे आली. काही झालं नव्हतं, खिडकीबाहेर कचऱ्याची मोठी गाडी आली होती आणि तिला ती बघायची होती, आणि जवळ मीच होते. तिनं हात वर केले. मी उचललं.

तिला कडेवर घेऊनच मी चाचांना फोन केला. म्हटलं, चाचा, मी तुमच्याकडून नको ते लिहून घेतलं. आयुष्यभर तुम्ही जे कधी लिहिलं नाही ते. आणि त्याचा उपयोगही झाला नाही. चाचा म्हणाले, "कागदावर लिहिलं. तुह्याकडून घेतले का मी?" मी म्हटलं, नाही. "मंग. तू बोलून राह्यली, मले तुह्या चालीचा आवाज येऊन राह्यला. फोन हातात ठेव अन् चाल जरा."

मी फोन खाली धरला आणि मेत्ताला घेऊन स्वयंपाकघरापासून दारापर्यंत गेले, आणि परत आले. लाकडी जमीन आहे आमची. चाचा ऐकत होते. मागं बल्लारपूरच्या गल्लीत कुणीतरी स्कूटर चालू करत होतं.

"टाच घासून राह्यली," ते म्हणाले. "डाव्या बाजूनं. वजन वाढलं न आता, लेकरू हाय अंगावर. ते मी धरलंच नव्हतं."

मी म्हटलं, मग आता काय करायचं?

"पार्सल नको करू," चाचा म्हणाले. "पाय घालून ये. पोरीलेही आन. तिच्या पायाचा कागद नाई मह्यापाशी."

तिचे पाय चांगले आहेत चाचा, मी म्हटलं.

"मले मालूम हाय," ते म्हणाले. "तरी आन."

इथं फॉर्मवर कायमचा पत्ता विचारतात आणि मी लीड्सचा पोस्टकोड लिहिते, आणि ते खोटं नाही. माझं काम इथं, लेकीची पाळणाघरातली जागा इथं, विजेचं बिल इथं येतं. पण लाकडी जमिनीवरची माझी चाल सात हजार किलोमीटरवरून ऐकून कमी पडलेलं चामडं ओळखणारा माणूस ज्या गल्लीत बसतो, त्या जागेला मी घर म्हणते, आणि कुणाला त्याचं बिल हवं असेल तर ते मिळणार नाही. तिकिटं काढली आहेत. तपासणीत पाय वाजेल, वाजू दे.